महानसातील माणूस : उपाहारगृहांतील पाककामगारांचे स्वास्थ्य आणि वैद्याचे कर्तव्य

सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानाचा प्रारंभ अन्नरक्षेच्या विचाराने होतो. राजाचे महानस कसे असावे, याचे तेथे केलेले वर्णन आपणां सर्वांच्या वाचनात आलेले आहेच. ते प्रशस्त दिशेस असावे, विस्तीर्ण व स्वच्छ असावे, तेथील भांडी शुद्ध असावीत, त्यास जाळ्या व पुष्कळ गवाक्षे असावीत. तेथे काम करणारे सेवक स्नान केलेले, केस व नखे कापलेले, मस्तकी उष्णीष धारण केलेले असावेत. अशा महानसावर आचार्यांनी वैद्याची नियुक्ती सांगितली आहे, ही गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे.

या अध्यायाचा हेतू विषापासून राजाचे रक्षण हा होता, हे उघड आहे. सारा विचार भोक्त्याच्या बाजूने झालेला आहे. तथापि गवाक्षांमुळे राजाच्या अन्नाचे रक्षण होत असतानाच चुलीपुढे बसणाऱ्या सूदाच्या फुप्फुसांचेही रक्षण होत असे. आज आमच्या वसईतील भटारखान्यांत पाऊल टाकले असता ही गवाक्षेच नाहीशी झालेली दिसतात. अन्नरक्षेचे नियम पुष्कळ झाले, परंतु अन्न शिजविणाऱ्या माणसाकडे पाहणारा वैद्य मात्र महानसातून बाहेर पडला आहे. प्रस्तुत लेखात या विषयाचा, आमच्या एका चुकीच्या निमित्ताने, विचार करावयाचा आहे.

एक शिक्का आणि एक शिरःशूल

अन्नसुरक्षा व मानके अधिनियम, २००६ आणि त्याखालील २०११ चे परवाना व नोंदणी विनियम यांनुसार अन्न हाताळणाऱ्या प्रत्येक कामगाराची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी होणे व तिची नोंद ठेवणे आवश्यक आहे. प्रमाणपत्राच्या नमुन्यात शारीरिक तपासणी, नेत्रपरीक्षा, त्वचापरीक्षा, आंत्रिक ज्वरादी रोगांविरुद्धचे लसीकरण आणि संसर्गजन्य रोग नसल्याची खात्री ही कलमे असतात. अशी पत्रे आपल्यापैकी अनेकांकडे मागितली जातात.

काही वर्षांपूर्वी एका उपाहारगृहाच्या मालकांनी आमच्याकडे नोकराहाती बारा नावांची यादी पाठविली. दुसऱ्या दिवशी तपासनीस येणार होते. माणसे कामावर असल्याने येऊ शकत नाहीत, तेव्हा शिक्का मारून द्यावा, अशी विनंती होती. मालक जुन्या परिचयाचे होते. आम्ही शिक्का मारून दिला. हे लिहिताना संकोच वाटतो, परंतु लिहिल्यावाचून पुढील गोष्टीस अर्थ राहणार नाही.

त्याच यादीतील एक तंदूरवाला तरुण पुढे दोन महिन्यांनी आमच्याकडे शिरःशूलाची तक्रार घेऊन आला. दुपारनंतर डोके ठणकणे, मळमळ, भ्रम, क्वचित छर्दि. काम अग्नीजवळचे, जेवण अवेळी, वय पित्ताचे. आम्ही पित्तज शिरःशूल असे निदान करून सूतशेखर, कामदुधा व पथ्य दिले. आठवड्याच्या सुट्टीत त्यास बरे वाटे, कामावर जाताच पुन्हा त्रास सुरू होई. आम्ही मात्रा वाढविली. तिसऱ्या खेपेस त्याने सहज सांगितले, ‘आमच्यातल्या तिघांचे डोके एकाच वेळी धरते.’ तेव्हा कोठे आमच्या ध्यानात आले की, तीन भिन्न प्रकृतींच्या माणसांस एकाच घटकेस एकच व्याधी होत असेल, तर हेतू आहारात वा प्रकृतीत न शोधता स्थानात शोधला पाहिजे.

त्या सायंकाळी आम्ही तो भटारखाना प्रथमच पाहिला. पावसाळ्याचे दिवस असल्याने मागील दार बंद होते. एक्झॉस्ट पंखा बिघडलेला होता व त्याच्या भोकावर पुठ्ठा लावलेला होता. त्या कोंडलेल्या खोलीत कोळशाची तंदूर भट्टी दिवसभर धगधगत असे. कोळशाच्या अपुऱ्या ज्वलनातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड हा वायू वर्ण, गंध व रस यांनी रहित असतो. तो रक्तातील हिमोग्लोबिनशी प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक आसक्तीने जोडला जातो. शिरःशूल, भ्रम, हृल्लास ही त्याची आरंभीची लक्षणे होत, आणि ती पित्तप्रकोपासारखीच भासतात. बोटास लावावयाचे नेहमीचे ऑक्सिमीटरही येथे फसविते, कारण त्यास या वायूने व्यापलेले रक्त प्राणवायूयुक्तच वाटते. पंखा दुरुस्त झाला, दार उघडे राहू लागले, आणि आमच्या कोणत्याही औषधावाचून तिघांचीही डोकी थांबली. निदानपरिवर्जन हीच संक्षेपाने चिकित्सा होय, हे आपण प्रथम वर्षापासून घोकतो. त्याचा अर्थ आम्हांस त्या भटारखान्यात कळला.

शिक्का मारण्यापूर्वी त्या तरुणास अर्धा तास समोर बसविले असते, तर दोन महिन्यांचा त्रास वाचला असता. थंडीत दारे-खिडक्या अधिकच घट्ट लावल्या जातात. तोवर हे तसेच चालले असते तर काय घडले असते, याची कल्पनाही करवत नाही.

वसईतील महानसांचे स्वरूप

वसई रोड स्थानकाच्या दोन्ही अंगांस असलेली उडुपी पद्धतीची उपाहारगृहे, चायनीजच्या गाड्या, वालीव व सातिवली परिसरातील औद्योगिक गाळ्यांच्या आधाराने चालणाऱ्या खानावळी, मुंबई-अहमदाबाद महामार्गावरील ढाबे, वसाहतींतील पोळी-भाजी केंद्रे आणि लग्नसराईत मांडवामागे पेटणाऱ्या मोठ्या चुली, असा हा विस्तार आहे. ख्रिस्ती समाजात उपासकाळात लग्ने होत नसल्याने नाताळच्या सुमारास व पुन्हा मे महिन्यात कामाची गर्दी होते. त्या दिवसांत आचारी व त्यांचे मदतनीस सलग अनेक रात्री जागे असतात. कामगारांत स्थानिकांबरोबरच कर्नाटक, उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा व नेपाळ येथील तरुण पुष्कळ आहेत. त्यांतील अनेकजण दुकानातच झोपतात. पोळी-भाजी केंद्रांत मात्र बहुतांशी स्त्रिया आहेत.

देश आनूप आहे. समुद्र व खाडी यांच्या सान्निध्यामुळे हवेत क्लेद असतो, घाम येतो पण वाळत नाही. त्यात अग्नीचे सान्निध्य, अवेळी भोजन व जागरण यांची भर पडते. कोणते रोग होतील हे वैद्यास निराळे सांगावयास नको.

धूम

सुश्रुताचार्यांनी अग्निकर्माच्या अध्यायातच धूमोपहताची लक्षणे दिली आहेत. श्वास, शिंका, आध्मान, कास, नेत्रांचा दाह व राग, गंध व रस यांचे ज्ञान न होणे, तृष्णा, ज्वर इत्यादी. तीव्र अवस्थेचे हे वर्णन आजही तंतोतंत जुळते. परंतु भटारखान्यातील धूम बहुधा मंद व नित्य असतो. उच्च तापमानावर तळण्यातून निघणाऱ्या वाफा मनुष्यात कर्करोगास संभाव्यतः कारण ठरतात, असे वर्गीकरण आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१० मध्ये प्रसिद्ध केले आहे. पुनःपुन्हा तापविलेले तेल लवकर धुरावते. अशा तेलातील ध्रुवीय संयुगांचे प्रमाण २५ टक्क्यांहून अधिक झाल्यास ते वापरू नये, हा नियम १ जुलै २०१८ पासून लागू झाला. तो ग्राहकासाठी झाला असला, तरी त्याचा लाभ कढईपुढे उभ्या असलेल्या माणसासही होतो.

येथे औषधापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात. धूर ओढणारा पंखा चुलीच्या ठीक वर आहे काय, त्याच्या जाळ्यांवरील तेलकट थर नियमितपणे काढला जातो काय, आणि बाहेरची हवा आत येण्यास वाट आहे काय. वाट नसेल तर पंखा नुसताच फिरतो. अणुतैलाचे नस्य, कोष्ण जलाचे गंडूष, नेत्रप्रक्षालन हे उपाय उपयोगी खरे, पण ते गवाक्षाची जागा घेऊ शकत नाहीत. धुराने बेशुद्ध झालेल्या वा दम लागलेल्या रुग्णास उघड्यावर आणून तत्काळ प्राणवायूची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे. ग्रंथोक्त वमनाचा प्रयोग अशा वेळी करू नये. शुद्ध हरपलेल्या माणसाची छर्दि श्वासमार्गात जाण्याचे भय असते.

दग्ध

भटारखान्यातील सर्वांत नित्याचा अपघात म्हणजे भाजणे. प्लुष्ट, दुर्दग्ध, सम्यग्दग्ध व अतिदग्ध हे चार भेद आपणांस ठाऊक आहेत. त्याचबरोबर स्नेहदग्धाचा निराळा विचार आचार्यांनी केला आहे. तापलेला स्नेह सूक्ष्म मार्गांत शिरून त्वरित दाह करतो, म्हणून त्यात वेदना अधिक असते, आणि त्यास विशेषेकरून रूक्ष क्रिया करावी, असे त्यांचे मत आहे. आमच्या भटारखान्यांत तेलाने भाजलेल्या जागी पुन्हा तेल, तूप, लोणी वा डालडा चोळण्याची जी रूढी आहे, तिला आयुर्वेदाचा आधार आहे अशी कामगारांची समजूत असते. तसा आधार नाही, हे आपणच त्यांस ठणकावून सांगितले पाहिजे. टूथपेस्ट, हळद, शाई, पीठ हे तर सर्वथैव वर्ज्य.

प्लुष्टात आचार्यांनी उष्णोपचार सांगितला आहे व शीत जलाने रक्त थिजते असे कारण दिले आहे. दुर्दग्धात उष्ण व शीत दोन्ही, आणि त्यापुढील अवस्थांत शीत उपचार आहेत. आजचा सर्वत्र मान्य अनुभव असा की, भाजलेला भाग ताबडतोब नळाच्या वाहत्या साध्या पाण्याखाली २० मिनिटे धरल्यास खोल जाणारी इजा थांबते. पहिल्या तीन तासांपर्यंत याचा उपयोग होतो. प्लुष्टाच्या बाबतीत हा उपदेश ग्रंथोक्तीशी जुळत नाही, हे आम्ही मान्य करतो. परंतु कढई उलटल्याच्या क्षणी प्लुष्ट की दुर्दग्ध याचा निर्णय भांडी घासणाऱ्या पोराने करावयाचा आहे. त्याच्यासाठी नियम एकच असला पाहिजे, आणि तो म्हणजे वाहते पाणी. बर्फ नको. अंगठी, कडे, घड्याळ सूज येण्यापूर्वी काढावे. त्वचेस चिकटलेले कापड ओढू नये. स्वच्छ कोरड्या कापडाने सैल झाकावे. फोड फोडू नयेत. शतधौत घृतादी कल्पांचा अवसर त्यानंतर, वैद्याने पाहून ठरविल्यावर येतो.

रुग्णाचा बोटांसह तळहात म्हणजे त्याच्या शरीरपृष्ठाचा सुमारे एक टक्का. त्याहून अधिक भाजले असेल, मुख, हात, पाय, सांधे वा गुह्यांग भाजले असेल, त्वचा पांढरी वा चामड्यासारखी व वेदनारहित झाली असेल, किंवा धूर श्वासात गेला असेल, तर आपल्या चिकित्सालयात न रोखता १०८ ची रुग्णवाहिका बोलवावी. मोठ्या दग्धासाठी ऐरोली येथील नॅशनल बर्न्स सेंटर अथवा मुंबईतील दग्धकक्ष असलेली रुग्णालये गाठावी लागतात. वसईहून ते अंतर थोडे नाही, म्हणून पहिली २० मिनिटेच मोलाची.

उष्मा, क्लेद आणि वेगधारण

चुलीजवळील कामगारास तहान लागण्याची वाट न पाहता दर १५-२० मिनिटांनी पेलाभर पाणी मिळावे. अनेक ठिकाणी पाण्याचा माठ ग्राहकांच्या बाजूस असतो व आतील माणसास बाहेर येण्यास मनाई असते. ताक, कोकमाचे सरबत, पन्हे यांत किंचित मीठ घालून दिल्यास उत्तम. कोकम व ताक वसईत दुर्मिळ नाहीत. ज्यास रक्तदाबाची व्याधी आहे, त्याचे मीठ मात्र विचारपूर्वक ठरवावे. बडबड, गोंधळ, झोकांड्या, तप्त अंग ही लक्षणे दिसताच तो उष्माघात समजावा. अंगावर पाणी ओतून वारा घालीत रुग्णालयात न्यावे. येथे प्रवाळ-मौक्तिकाची वाट पाहू नये.

चरकाचार्यांच्या तेरा अधारणीय वेगांपैकी मूत्र, पुरीष, क्षुधा, पिपासा व निद्रा हे पाच या व्यवसायात नित्य धारण केले जातात. पोळी-भाजी केंद्रातील भगिनी स्वच्छतागृह नसल्याने पाणीच पीत नाहीत. त्यांचे मूत्रकृच्छ्र गोक्षुर-चंदनाने तात्पुरते शमते व परत येते. सकाळी दहापासून दुपारी तीनपर्यंत दुसऱ्यास वाढणारा माणूस स्वतः चार वाजता थंड भात खातो, आणि आपण त्यास अविपत्तिकर चूर्ण देतो. मालकाने पाकशाळेतील माणसांना अकरा वाजता पाळीपाळीने जेवू घातले, तर चूर्णाच्या कित्येक बाटल्या वाचतील.

मोरीवर भांडी घासणाऱ्यांचे पाय पाहावेत. ओल्या, मलिन जमिनीवर उभे राहण्याने होणारा अलस, अर्थात चिखल्या, आणि नखांच्या कडेस होणारा चिप्प, अर्थात नखुरडे, हे क्षुद्ररोग सुश्रुताचार्यांनी नोंदविलेलेच आहेत. साबणाच्या पाण्यात हात बुडवून काम करणाऱ्यास रबरी हातमोजे, पायांत न घसरणारी बंद पादत्राणे, पाण्याबाहेर उभे राहण्यास लाकडी फळी आणि कामानंतर बोटांच्या बेचक्या कोरड्या करण्याची सवय, एवढ्याने निम्मे काम होते. दीर्घकाळ उभे राहण्याने पिंडऱ्यांच्या शिरा फुगतात. पोळ्या लाटणाऱ्या स्त्रियांची मनगटे व खांदे धरतात, आणि ओटा उंचीस बेताचा नसेल तर कटिशूल जडतो. अभ्यंग-स्वेदनाबरोबर ओट्याची उंचीही चिकित्सेत लिहावी.

अग्नी

१६ ऑक्टोबर २०१५ रोजी कुर्ला येथील एका उपाहारगृहात आग लागून आठ जणांचा मृत्यू झाला. १८ डिसेंबर २०१७ च्या पहाटे साकीनाक्यातील खैरानी रस्त्यावर फरसाणाच्या दुकानात लागलेल्या आगीत तेथेच झोपलेले बारा कामगार मृत्युमुखी पडले. दहा-अकरा दिवसांनी लोअर परळच्या कमला मिलमधील उपाहारगृहांच्या आगीत चौदा जण गेले. कमला मिलची आठवण सर्वांस आहे. साकीनाक्याची फारशी कोणी काढीत नाही.

पाकशाळेतील माणसास पुढील गोष्टी पाठ असाव्यात. तेल पेटल्यास पाणी ओतू नये. पाणी तेलाखाली जाऊन क्षणात वाफ होते, वाफेचे आकारमान पाण्याच्या सुमारे १७०० पट असते, व पेटते तेल चहूकडे उडते. शेगडी बंद करावी, झाकण वा मोठी परात सरकवून कढई झाकावी, कढई उचलून धावू नये. स्वयंपाकाचा गॅस हवेहून जड असल्याने खाली साचतो, म्हणून सिलिंडर खोल वा बंद जागी ठेवू नयेत. गळतीचा वास येताच विजेचे कोणतेही बटण दाबू नये, दारे उघडावीत व १९०६ या क्रमांकावर कळवावे. आणि सर्वांत महत्त्वाचे, जेथे सिलिंडर व तेल आहे तेथे कोणीही झोपू नये. झोपावेच लागत असेल, तर दार बाहेरून कुलूपबंद असता कामा नये.

कायद्याविषयी थोडके लिहितो. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक अधिनियमाने अग्निसुरक्षेची व्यवस्था सुस्थितीत ठेवण्याचे दायित्व मालक व भोगवटादार यांवर टाकले आहे. २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमात साप्ताहिक सुट्टी, मध्यंतर, प्रकाश, वायुवीजन व प्रथमोपचार यांचा समावेश आहे. कर्मचारी राज्य विमा योजना दहा वा अधिक कामगारांच्या उपाहारगृहांस लागू होते, पण पुष्कळ कामगारांस आपले नाव तीत आहे की नाही हेही माहीत नसते. रुग्णास हा प्रश्न विचारणे वैद्यास अशक्य नाही.

आपणांस काय करता येईल

वैद्याने मालकाचा शत्रू व्हावे, असे आमचे म्हणणे नाही. ज्या मालकांनी यादी पाठविली होती, त्यांच्याकडे आम्ही पुढील वर्षी स्वतः गेलो व तपासणी भटारखान्यातच करीन, अन्यथा पत्र देणार नाही, असे सांगितले. प्रथम ते रुष्ट झाले. एक-दोन ठिकाणांहून तर आमच्याकडे पुन्हा यादी आलीच नाही, दुसरीकडे शिक्का मिळाला. परंतु हे मालक थांबले. बारा जणांच्या तपासणीस दोन दुपारी लागल्या. एकाच्या बोटांत पिकलेले नखुरडे निघाले, ते ग्राहकांच्या दृष्टीनेही धोक्याचे होते. मालकांस ते तत्काळ पटले. भोक्त्याचे रक्षण आणि कर्त्याचे रक्षण या दोन गोष्टी निराळ्या नाहीत, हे त्यांस उपदेशाने कळले नसते, ते त्या एका बोटाने कळले.

म्हणून सर्व वैद्यबंधु-भगिनींस विनंती आहे. माणूस पाहिल्यावाचून प्रमाणपत्र देऊ नये. तपासणीच्या निमित्ताने वर्षातून एकदा भटारखान्यात जावे, आणि तेथे पाच गोष्टी पाहाव्यात : हवा येण्या-जाण्याची वाट, पिण्याचे पाणी, हात-पाय धुण्याची व स्वच्छतागृहाची सोय, निजण्याची जागा, आणि भाजल्यास वाहते पाणी किती पावलांवर आहे. दग्ध व आगीविषयीच्या सूचना भिंतीवर मराठी, हिंदी व तेथील माणसांस वाचता येईल त्या भाषेत लावाव्यात. वाचता न येणाऱ्यांस करून दाखवाव्यात. रुग्णपत्रकात व्यवसायाच्या रकान्यात ‘नोकरी’ एवढेच न लिहिता तो कोठे, कोणत्या अग्नीपुढे, किती तास उभा असतो, हे लिहावे. एकाच ठिकाणचे दोन रुग्ण एकाच लक्षणाने आले, तर तिसऱ्याची वाट पाहू नये.

तो तंदूरवाला तरुण आता गावी परतला आहे. जाण्यापूर्वी तो आमच्याकडे आला, तेव्हा औषधासाठी नव्हे, तर त्याच्या जागी येणाऱ्या धाकट्या भावाची तपासणी करून घ्यावी, हे सांगण्यासाठी आला होता. आम्ही भावास समोर बसवून नाडी पाहिली, डोळे पाहिले, हात-पाय पाहिले, आणि मग त्याच्याबरोबर चालत जाऊन मागील दार उघडे आहे ना, हे पाहून आलो. प्रमाणपत्रावर शिक्का त्यानंतर मारला.